पगारातून कापला जाणारा कर आणि घरातली माणसे



शाळेच्या पगारपत्रकावर कपातींचा एक रकाना असतो. भविष्य निर्वाह निधी, गटविमा, पतसंस्थेचा हप्ता, व्यवसाय कर आणि आयकर. यांपैकी पतसंस्थेचा हप्ता प्रत्येक गुरुजींना तोंडपाठ असतो. किती राहिला, कधी फिटणार, जामीन कोण, सारे माहीत. पण आयकराचा आकडा कोठून आला असे विचारले, तर बहुतेकांचे बोट कार्यालयातल्या लिपिकाकडे जाते, आणि लिपिकाचे वेतन पथकाकडे. आपल्याच कष्टाच्या पैशातून गेलेली ही रक्कम; तिचा हिशेब आपणांस समजू नये, हे काही बरे नव्हे. तो फारसा कठीणही नाही. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

एक खुलासा आधीच करतो. मी जे आकडे सांगणार आहे ते २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. ते वर्ष १९६१ च्या आयकर कायद्याखालचे. १ एप्रिल २०२६ ही त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्याच्या अंमलाची तारीख. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून मी कलमांची नावे फारशी घेणार नाही. पगारातून कर कापण्याचे तत्त्व मात्र जुनेच आहे. ते १९२२ च्या कायद्यातही होते.

प्रथम व्यवसाय कर बाजूला काढू, कारण त्याची आणि आयकराची गल्लत फार होते. व्यवसाय कर हा राज्याचा. महाराष्ट्रात तो १९७५ च्या कायद्याने आला आणि त्याचे नाते रोजगार हमी योजनेशी होते. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० रुपये. राज्यघटनेने घातलेली मर्यादाही तेवढीच. महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर एप्रिल २०२३ पासून तो माफ आहे. एवढे सांगून तो विषय संपवतो.

आता आयकर. पूर्वी खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, चांभार यांचे बलुते तिथेच मापून दिले जाई. धान्य घरच्या कणगीत गेल्यावर कोणी मागायला येत नसे. पगारातून कर कापण्याची रीत अशीच आहे. पैसा हाती पडण्याआधीच सरकारचे माप निघते. फरक एवढाच की खळ्यावर रास डोळ्यांसमोर असते. इथे वर्षाची रास अजून पडायची असते. म्हणून कार्यालयाला अंदाज बांधावा लागतो. एप्रिलपासून मार्चपर्यंत या शिक्षकाला किती वेतन मिळेल, त्यातून कोणत्या वजावटी जातील, उरलेल्यावर कर किती होईल, हे काढायचे आणि त्याचा बारावा भाग दर महिन्याला कापायचा. मध्येच महागाई भत्ता वाढला किंवा वेतनवाढ लागली, तर पुढच्या महिन्यांत कमीजास्त करून घ्यायचे. कायद्याची अपेक्षा ही अशी आहे.

पुष्कळ ठिकाणी घडते ते निराळे. एप्रिल ते डिसेंबर सगळे निवांत. जानेवारीत परिपत्रक फिरते, ‘कागदपत्रे त्वरित सादर करावीत’, आणि मग वर्षाचा सगळा कर दोन पगारांत वसूल होतो. त्या महिन्यांत घरी काय गोंधळ होतो, ते शिक्षकांच्या घरच्या माणसांना विचारावे.

उदाहरण घेऊ. समजा एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आहेत, वय पन्नाशीच्या आतले. महिन्याचे एकूण वेतन १,१५,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १३,८०,०००. नव्या कररचनेत नोकरदाराला ७५,००० रुपयांची सरसकट प्रमाणित वजावट मिळते. राहिले १३,०५,०००. पहिल्या चार लाखांवर कर नाही. चार ते आठ लाखांवर शेकडा ५, म्हणजे २०,०००. आठ ते बारा लाखांवर शेकडा १०, म्हणजे ४०,०००. वरच्या १,०५,००० वर शेकडा १५, म्हणजे १५,७५०. बेरीज ७५,७५०. त्यावर शेकडा ४ उपकर ३,०३०. एकूण ७८,७८० रुपये. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ६,५६५. हेच दोन महिन्यांत कापले तर महिन्याला ३९,३९०. कर तोच, पण संसाराला बसणारा धक्का सहापट. म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, एप्रिलमध्येच कार्यालयात जाऊन ‘माझा कर दरमहा कापा’ असे लेखी द्या. हा हट्ट नव्हे, कायद्यातलीच पद्धत आहे.

ज्यांचे वेतन कमी आहे त्यांच्यासाठी नवी रचना बरीच सोयीची आहे. प्रमाणित वजावटीनंतर उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल, तर कराएवढी सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे ज्याला पगाराखेरीज दुसरे काही नाही त्याला वर्षाच्या १२,७५,००० पर्यंत काही द्यावे लागत नाही. थोडे वर गेले तर काय, अशी धास्ती असते. समजा उत्पन्न बारा लाखांहून पाचच हजारांनी जास्त झाले. सरळ हिशेबाने कर ६०,७५० येईल. पण कायदा म्हणतो, पाच हजार जास्त मिळवल्याबद्दल पाच हजारांहून अधिक कर घेणार नाही. तेव्हा ५,००० आणि उपकर २००, एवढेच. वेतनवाढ नको म्हणण्याचे कारण नाही!

आता घरातल्या माणसांकडे वळू. खेड्यातल्या शिक्षकाच्या एका पगारावर किती ताटे वाढली जातात, हे मी सांगायला नको. म्हातारे आईवडील, शिकणारी मुले, एखादी माहेरी परतलेली बहीण. या माणसांबद्दल करात काही सवलत मिळते का, हा प्रश्न रास्तच आहे.

एके काळी आपल्याकडे कुटुंबाकडे पाहून करमुक्त मर्यादा ठरत असे. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख केंद्राचे अर्थमंत्री असताना, १९५५ च्या अंदाजपत्रकात विवाहितांना २,००० रुपये आणि अविवाहितांना १,००० रुपये अशी वेगळी मर्यादा आली. पुढे काही वर्षे मुलांमागेही थोडी सूट होती. ती पद्धत आता राहिलेली नाही. आज ‘घरात खाणारी माणसे सहा, म्हणून कर कमी’ असा हिशेब आपल्या कायद्यात नाही.

शेजारीच सांगतो, अमेरिकेत तो अजून आहे. आपल्या गावांतली मुले तिकडे नोकरीला आहेत, त्यांना पगार सुरू होताना एक फॉर्म भरावा लागतो. त्याचे नाव डब्ल्यू-४. त्यात विवाहित की अविवाहित, सतरा वर्षांच्या आतली मुले किती, असे विचारतात, आणि त्यावरून पगारातली कपात कमी होते. २०२५ साली एका मुलामागे तेथे २,२०० डॉलरपर्यंतची करसूट होती. त्यावरून येथले आईवडील समजतात की मुलाने आपलेही नाव त्यात घातले असेल. तसे होत नाही. अवलंबून असलेली व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी असावी लागते, फार तर कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी. साताऱ्यात राहणाऱ्या भारतीय आईवडिलांना मुलगा दरमहा पैसे पाठवत असला, तरी तिकडच्या करात ते त्याचे अवलंबित ठरत नाहीत.

आपल्याकडे माणशी सूट नाही. पण घरच्या माणसांवर होणाऱ्या काही ठराविक खर्चांना वजावट आहे, आणि तीही जुन्या कररचनेत. नव्या रचनेत दर कमी, पण या वजावटी नाहीत. हा सौदा समजून घेतला पाहिजे. आपण कार्यालयाला काहीच कळवले नाही तर २०२३-२४ पासून नवी रचनाच धरली जाते. जुनी हवी असेल तर तसे सांगावे लागते आणि घोषणापत्र भरून द्यावे लागते. जुन्या कायद्याखाली याला १२ बीबी असे नाव होते. एप्रिलमध्ये सांगायचे राहिले, तर पगारदाराला विवरणपत्र भरतानाही रचना बदलता येते. मात्र ते मुदतीत भरले पाहिजे. मुदत टळली की जुनी रचना मिळत नाही.

या वजावटींतल्या काही गोष्टी लोकांना माहीत नसतात, त्या सांगतो. आईवडिलांच्या आरोग्यविम्याचा हप्ता तुम्ही भरत असाल, तर स्वतःच्या कुटुंबाच्या २५,००० रुपयांखेरीज आणखी २५,००० पर्यंत, आणि आई किंवा वडील साठीच्या पुढचे असतील तर ५०,००० पर्यंत वजावट मिळते. त्यासाठी ते तुमच्यावर अवलंबून असण्याचीही अट नाही. वडिलांना निवृत्तिवेतन असले तरी चालते. साठीपुढच्या ज्या आईवडिलांचा विमाच नाही, त्यांच्या औषधपाण्याचा खर्चही याच ५०,००० च्या मर्यादेत धरता येतो. फक्त हे पैसे रोखीने दिलेले नसावेत. औषधाच्या दुकानात पाचशेच्या नोटा मोजून दिल्या आणि पावती जपून ठेवली, तरी ती येथे उपयोगी पडत नाही.

सासूसासरे मात्र यात बसत नाहीत. ज्या बाईंच्या पगारावर सासरचे घर चालते, त्यांना हे जाचक वाटेल, आणि मला विचाराल तर ते जाचक आहेच. सासूच्या विम्याचा हप्ता बाईंनी भरला तर वजावट बाईंना नाही. तोच हप्ता नवऱ्याने आपल्या उत्पन्नातून भरला, तर त्याला मिळते, कारण ते त्याचे आईवडील. उलट बाईंच्या माहेरच्या आईवडिलांचा हप्ता बाईंनी भरला, तर लग्न झाले म्हणून वजावट जात नाही. नवरा-बायको दोघे शिक्षक असतील तर कोणाच्या खात्यातून कोणाचा हप्ता जावा, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावे.

सर्वांत मोलाची वजावट घरातल्या दिव्यांग माणसाबद्दलची आहे, आणि ज्यांचा तिच्यावर हक्क आहे तेच बहुधा ती मागत नाहीत. पती किंवा पत्नी, मुले, आईवडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणी दिव्यांग असून मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असेल, आणि त्याच्या उपचारावर, सुश्रूषेवर किंवा शिक्षणावर तुम्ही खर्च करत असाल, तर ७५,००० रुपये वजावट मिळते. दिव्यांगत्व शेकडा ४० किंवा अधिक असावे. ते शेकडा ८० वा त्याहून जास्त असेल तर वजावट १,२५,००० ची. यातली विशेष गोष्ट अशी की रक्कम ठरलेली आहे. खर्च तीस हजार झाला असला तरी वजावट पूर्णच मिळते. मात्र त्या व्यक्तीने स्वतःच्या उत्पन्नात दिव्यांग म्हणून वेगळी वजावट घेतलेली नसावी, आणि सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र पाहिजे.

अडते ते या प्रमाणपत्रापाशी. घरात ऐकू न येणारा मुलगा आहे किंवा अंथरुणाला खिळलेला भाऊ आहे, हे चारचौघांत लिहून देणे अनेकांना नको वाटते. ‘लेकराच्या दुखण्याचा पैसा करायचा का?’ असेही कोणी म्हणतात. त्यांच्या भावनेचा मान ठेवूनही मी सांगेन, हा पैसा करणे नव्हे. त्या लेकराला तालुक्याला नेण्याआणण्यात जी रजा खर्ची पडते, जो पैसा जातो, त्याची कायद्याने घेतलेली ही दखल आहे. आणि तेच प्रमाणपत्र मुलाला प्रवासात, शिक्षणात, पुढे नोकरीतही लागणार आहे.

मग जुनी रचना घ्यावी का? आपल्या मुख्याध्यापिका बाईंकडे परत जाऊ. समजा त्यांच्यावर एक तीव्र दिव्यांग भाऊ अवलंबून आहे, आणि साठीपुढच्या आईवडिलांच्या विम्याला वर्षाला पन्नास हजार लागतात. जुन्या रचनेत १३,८०,००० मधून प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेला. भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा, मुलांची शिकवणी फी वगैरे मिळून दीड लाख. आईवडिलांचे ५०,०००. भावाबद्दलचे १,२५,०००. उरले १०,०२,५००. त्यावर जुन्या दराने कर उपकरासह १,१७,७८० रुपये होतो. नव्या रचनेत तो ७८,७८० होता! म्हणजे एवढ्या सगळ्या वजावटी घेऊनही जुनी रचना ३९,००० रुपयांनी महाग पडली.

आता याच बाईंनी स्वतः राहायला घर बांधले आहे आणि त्या कर्जाचे व्याज वर्षाला दोन लाख जाते, असे धरा. तेही वजा झाले की उरतात ८,०२,५००, आणि कर उपकरासह ७५,९२०. आता जुनी रचना २,८६० रुपयांनी स्वस्त. तराजू असा हलतो. शेजारच्या गुरुजींनी जुनी घेतली म्हणून आपण घ्यायची, असे करू नये. कागद पेन्सिल घेऊन दोन्ही हिशेब मांडावेत. पाचवीच्या मुलांना आपण शेकडेवारी शिकवतोच, तेवढी येथे पुरते.

ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, हे खरे. पण पगाराचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल, तर पगारावरच्या कराचा दर ठरवताना शेतीचा आकडा हिशेबात धरतात. म्हणून विवरणपत्रात तो लिहायचा असतो. बँकेतल्या ठेवीचे व्याज मात्र सरळ करपात्र आहे. तेही कार्यालयाला आधी कळवले तर पगारातूनच त्याचा कर कापून घेता येतो, आणि जुलैत एकदम भरणा करावा लागत नाही.

आता एका वाईट गोष्टीविषयी. तालुक्याच्या गावी काही माणसे असतात. ‘गुरुजी, तुमचा कापलेला कर सगळा परत मिळवून देतो, आलेल्यातला थोडा हिस्सा मला द्या,’ असे ती सांगतात. मग विवरणपत्रात घरात नसलेला दिव्यांग उभा राहतो, न भरलेला विमा आणि न दिलेली देणगी दिसू लागते. परतावा खात्यात येतोही. गावात बोलबाला होतो आणि आणखी दहा जण त्या दुकानापुढे उभे राहतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींची देशभर तपासणी केली. पकडले गेल्यावर तो कर भरावा लागतोच, व्याज लागते, आणि चुकवलेल्या कराच्या दुपटीएवढा दंड होऊ शकतो. विवरणपत्र तुमच्या नावाचे, तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचे. भरून देणारा तोवर दुसऱ्या गावी दुकान मांडून बसलेला असतो. आणि ज्याच्या घरी खरोखरच दिव्यांग मूल आहे, त्याच्या खऱ्या कागदाकडेही मग संशयाने पाहिले जाते. याची मला अधिक चीड येते.

राहता राहिले कापलेला पैसा आपल्या नावावर जमा झाला का, ते पाहणे. कार्यालय कर भरते आणि दर तिमाहीला कोणाचा किती कापला याचे पत्रक पाठवते. त्यात पॅनचा एक आकडा चुकला, तर तुमचा कर भलत्याच्या नावावर जातो. कपात झालेला कर पुन्हा तुमच्याकडून मागता येत नाही, असे कायदा म्हणतो. पण नोंद नसली की नोटीस येतेच, आणि हेलपाटे तुमच्या वाट्याला. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येकाच्या नावावर जमा झालेला कर दिसतो. दर तीन महिन्यांनी तो पगारपत्रकाशी ताडून पाहावा. गावात एखाद्या विद्यार्थ्याला सांगितले तरी तो मोबाइलवर दाखवील. पॅनच दिला नसेल, किंवा आधारशी न जोडल्याने ते बंद पडले असेल, तर शेकडा २० पर्यंत जादा दराने कपात होऊ शकते.

आणि थकबाकी. वेतन आयोगाचे हप्ते, मान्यता रखडलेल्या शिक्षकांचा अनेक वर्षांचा पगार, हे एकदम हाती येते आणि एकाच वर्षाचे उत्पन्न फुगते. जो पैसा त्या त्या वर्षी मिळाला असता तर कदाचित करही लागला नसता, त्यावर आता वरच्या दराने कर बसतो. यासाठी कायद्यात सवलत आहे, आणि ती दोन्ही कररचनांत आहे. थकबाकी ज्या वर्षांची, त्या वर्षांत वाटून हिशेब करायचा आणि जादा बसलेला कर कमी करून घ्यायचा. त्यासाठी १९६१ च्या कायद्याखाली दहा-ई नावाचा फॉर्म संकेतस्थळावर भरावा लागे, आणि तो विवरणपत्राच्या आधी. विवरणपत्र आधी गेले आणि हा फॉर्म मागून, की सवलत नाकारल्याची सूचना येते. थकबाकीचे वर्षवार विवरण पगाराच्या वेळीच कार्यालयाकडून सहीशिक्क्यानिशी घेऊन ठेवावे. चार वर्षांनी त्या नोंदवह्या कोणत्या कपाटात आहेत, ते नवे लिपिक सांगू शकत नाहीत.